घरी शिकणारी ट्रेसा

केंटकीच्या त्या डोंगरांत ओळखीच्या माणसाने कागद पुढे केला, तर तो वाचत बसायचं नसतं. सही करायची आणि जेवून जा म्हणायचं. वाचायला घेतला की समोरच्याला तोंडावर लबाड म्हटल्यासारखं होतं. विल्मा स्टर्जिल याच खोऱ्यात वाढलेली, म्हणून तर शाळेसाठी सह्या आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

शाळेत एक अनुदानाची खोली होती. शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या पैशावर तिथले आठ संगणक आणि विल्माचा पगार चालायचा. मागे पडलेली पोरं तिथे बसून आपले उरलेले विषय पुरे करायची. अट एकच, शंभरातल्या नव्वद पोरांनी पास होऊन शाळेबाहेर पडायचं. नाहीतर खोलीला कुलूप.

फेब्रुवारीत ट्रेसा स्लोनचे पाच विषय राहिले होते. तिची आई कुठे होती ते आईलाच ठाऊक. घरात आजी, धाकटी बहीण ज्यूनी आणि ही. शाळा सुटली की दुकानात माल लावायचा आणि उरलेल्या वेळात अभ्यास. इस्पितळातल्या नर्सिंगच्या वर्गात तिला जागा मिळाली होती, पण पास झाल्याचा दाखला दाखवला तरच.

मुख्याध्यापक डॉइल रॅटलिफ हा एकेकाळचा विल्माचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, संस्थेची मोजणी मार्चमध्ये आहे. ही पोरगी आपल्याला बुडवणार. 'घरी शिकते' असा अर्ज भरून आणा, म्हणजे मोजणीतून सुटेल. रोज येऊ दे की तिला, कोण अडवतंय? एप्रिलमध्ये नाव परत घालू."

"नक्की ना रे?"

"तुम्ही मला पाढे शिकवलेत बाई. तुमच्याशी खोटं बोलेन?"

विल्माने अर्ज उचलला. तिनेही तो वाचला नाही. डॉइलसमोर वाचणं बरं दिसलं नसतं.

ट्रेसाची आजी ऑर्फा चुलीपाशी होती. "विल्मा, तू म्हणतेस ना? मग आण ते पेन," म्हणत तिने अक्षर न अक्षर कोरल्यासारखी सही केली आणि मक्याचा पाव पुढे सरकवला. विल्मा पोटभर जेवून आली.

मार्च पार पडला. ट्रेसा खोलीत यायची, कधीकधी तिथेच डुलक्या घ्यायची, पण मेच्या पहिल्या आठवड्यात ती ओरडली, "बाई, संपलं! पाचही! आता भूमितीच्या नावानं आंघोळ!"

विल्मा नाचायचीच बाकी राहिली. तशीच डॉइलकडे गेली. तो बुटांकडे बघत राहिला.

"नाव परत घेता येत नाही, बाई. घरी शिकणाऱ्याला परत घ्यायचं तर शेवटचं वर्ष पहिल्यापासून. अर्जाच्या मागच्या बाजूला लिहिलंय. मलाही आत्ताच कळलं."

खरं की खोटं, देव जाणे. एका कागदावर तिघांचा विश्वास आणि वाचणारा एकही नाही! विल्माला स्वतःचीच चीड आली.

तिने ट्रेसाला सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

"आजीला आपलं नाव तेवढं लिहिता येतं, बाई," ट्रेसा म्हणाली. "वाचता नाही येत. तुम्हाला माहीत होतं."

"होतं गं. अर्ज खोटा होता असं मी वर लिहून कळवते. आज, आत्ता. मग तुला दाखला द्यावाच लागेल त्यांना."

"आणि ही खोली?"

मोजणीतली लबाडी उघडी पडली की खोलीला कुलूप, हे विल्मालाही ठाऊक होतं.

"ज्यूनीला अजून वाचताना घाम फुटतो," ट्रेसा म्हणाली. "पुढच्या वर्षी ती इथे येणार. तिला कोण बसवून घेईल?" तिने आपली पुस्तकं टेबलावर रचून ठेवली. "नका कळवू. दुकानात मला पूर्ण दिवसाचं काम देतायत तसं."

विल्माने नको म्हणायला हवं होतं. पोरीच्या दंडाला धरून तिला खाली बसवायला हवं होतं. तिने फक्त मान हलवली.

पोरगी दाराबाहेर गेली, आणि खरं सांगायचं तर विल्माला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.