दोन चिठ्ठ्या

धाकट्याने पेला तीनदा गोल फिरवला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. काहीच नाही. काचेचा गारवा तेवढा नाकाला लागला. त्याने पुन्हा हुंगून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वीच्या तापात जे गेलं होतं, ते आजही परत आलं नव्हतं.

टेबलापलीकडे दादा त्याच्या तोंडाकडे बघत बसला होता. हॉटेल दादाचं, स्वयंपाकघर वहिनीचं आणि वाईन धाकट्याची, अशी बावीस वर्षांची वाटणी. दादाला डॉक्टरांनी थेंबही वर्ज्य केला होता, आणि तसंही आपल्याला वाईन आणि व्हिनेगर यांतला फरक कळत नाही, हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना हसत सांगे. मग धाकट्याला पुढे करून म्हणे, हा आमचा नाकाने कांदे सोलणारा. म्हणताना छाती मात्र फुगलेली. अशा माणसाला काय सांगायचं? आणि सांगून पुढे करायचं काय, दारात उभं राहून लोकांचे कोट सांभाळायचे? धाकट्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून तो मूग गिळून होता आणि जुन्या वहीतली वर्णनं घोकून वेळ मारून नेत होता.

आजची बाटली फ्रान्सच्या दक्षिणेकडची, ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र या तीन द्राक्षांचं मिश्रण. तिच्या जोडीला वहिनीने मेंढीचं मटण रोझमेरी घालून मंद आचेवर शिजवलं होतं. जोडी जमली तर संध्याकाळी साठ पाहुण्यांना हेच जाणार होतं. चाखायची रीत ठरलेली. धाकट्याने आणि वहिनीने घोट घ्यायचा, घास खायचा, एकमेकांशी चकार शब्द न बोलता चिठ्ठीवर मत लिहायचं आणि दादाने दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. एकाचं ऐकलं की दुसऱ्याची जीभ त्याच्यामागे धावते, असं वहिनीचंच म्हणणं.

धाकट्याने घोट घेतला. तुरट, जरासं आंबट, घशात ऊब. बस, एवढंच. मटणाचा घास खाऊन त्याने भराभर लिहून टाकलं. वहिनीने पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. धाकट्याकडे एकदा पाहिलं. मग पेन उचलून दोनच शब्द लिहिले.

दादाने आधी धाकट्याची चिठ्ठी उघडली. काळी मिरी, पिकलेले आलुबुखार, मागून सुक्या गवताचा वास. मटणाला अगदी साजेशी, खुशाल वाढावी. दादा खूश झाला. त्याने दुसऱ्या चिठ्ठीकडे हात नेला, तोवर वहिनीने ती उचललीसुद्धा होती. पण ती घडी घालत असताना धाकट्याला अक्षरं दिसली: बूच लागलंय.

खराब बुचाने नासलेल्या वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतो. तो नवख्यालाही कळतो.

"माझी वाचू नका," चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात टाकत वहिनी दादाला म्हणाली. "मटणात मीठ जास्त पडलंय माझ्याकडून. अशा घासावर वाईन काय कळणार? दुसरं करून आणते. बाटलीही दुसरी काढा."

दादाचा पारा चढला. पाहुणे तोंडावर आलेत, नेमकं आजच हे कसं झालं, लक्ष कुठे होतं, झेपत नसेल तर हाताखाली एखादा चांगला आचारी घेऊ या का, असं तो बोलत सुटला. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. हीच बाई, मीठ कमी आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा हातातल्या डावासकट बाहेर येऊन सुनावून गेली होती. बावीस वर्षांत तिने आपल्या पातेल्याला कुणाला नावं ठेवू दिली नव्हती.

धाकट्याचं नाक गेलं होतं, जीभ नव्हे. खारट, तुरट, आंबट त्याला अजून चोख कळत होतं. त्याने काटा उचलून मटणाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. त्याला लाज वाटली आणि त्याने काटा खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "मीठ बरोबर आहे."

वहिनीने झटकन मान वर केली. "भावजी, तुम्ही गप्प बसा."

"तिची चिठ्ठी वाच, दादा."

दादाने हात पुढे केला. वहिनीने चिठ्ठीच्या खिशावर हात दाबून धरला.