बेचाळीस नंबरची खुर्ची

नऊ महिन्यांत ब्रेंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला एकच प्रश्न शंभरदा विचारला असेल. "क्लाइव्ह, एकोणतीस वर्षं ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलास, त्याचं नाव तुला माहीत नाही?"

नाही माहीत. त्यात तोंडात बोट घालण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. सॉल्टवेट टाऊन या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, पूर्वेच्या स्टँडात, एम रांगेत माझी खुर्ची एकेचाळीस आणि त्याची बेचाळीस. पहिल्या दिवशी मी कामावरून थेट आलो होतो, अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश होता, म्हणून तो मला 'ड्रायव्हर' म्हणायला लागला. मी त्याला 'दोस्ता' म्हणायचो. वर्षभर असं चालल्यावर नाव विचारणं विचित्र दिसलं असतं. पाच वर्षांनी विचारलं असतं तर तो दुखावला असता. पुढे तर सोयच उरली नाही. फुटबॉलला जाणाऱ्या कुणालाही विचारा, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं असंच असतं.

बाकी सगळं माहीत होतं. त्याचं पित्ताशय कधी काढलं, लेकीचा घटस्फोट कसा झाला, हाफटाइमला मिळणाऱ्या खिम्याच्या पेस्ट्रीत कांदा निघाला की तो किती चिडतो, सगळं. आम्ही चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरलो त्या दिवशी तो रडला होता आणि मी बुटाची नाडी बांधायचं सोंग करत बसलो होतो. चेहरा मात्र मला एकाच बाजूने ठाऊक. शेजारी बसून दोघंही समोर बघतात, त्यामुळे त्याचा डावा कान मी हजारांत ओळखेन, समोरून आला तर खात्री नाही.

मार्चमध्ये शेवटचा सामना झाला. "शनिवारी भेटू, ड्रायव्हर," तो म्हणाला. त्याच आठवड्यात साथीमुळे मैदानं बंद झाली.

मग माणसं जायला लागली. आमच्या गावाचा पेपर दर गुरुवारी येतो, मी आधी मागचं, निधनाच्या बातम्यांचं पान उघडायचो. पण वाचून शोधणार काय? सत्तरीच्या पुढचा, टाऊनचा भक्त. असे त्या वसंतात सात गेले. सातही फोटो समोरून काढलेले. मी प्रत्येक फोटो तिरका धरून बघितला आणि ब्रेंडाने मला डॉक्टरकडे जायला सांगितलं.

क्लबच्या ऑफिसला तीनदा फोन केला. बेव्हर्ली म्हणून एक बाई आहेत तिथे. दर वेळी तेच. "सीझन तिकीटवाल्यांची माहिती आम्हाला देता येत नाही."

"माहिती नको हो बाई. माणूस आहे की गेला, एवढंच सांगा."

"ती पण माहितीच झाली ना."

डिसेंबरात सरकारने थोड्या प्रेक्षकांना आत सोडायचं ठरवलं. आमच्या मैदानात पाच हजार माणसं बसतात, आता बाराशे बसणार होती, तीही सोडत काढून. माझा नंबर लागला. ब्रेंडा म्हणाली, "त्या हरणाऱ्या लोकांसाठी जीव धोक्यात घालणारेस?"

"टीम गेली खड्ड्यात. मला त्याला बघायचंय," मी म्हणालो. तसं मी आधी कधी बोललो नव्हतो. ती थर्मासात चहा भरायला लागली.

मैदानात पाऊल टाकल्यापासून डोकं फिरायला सुरुवात झाली. मला जागा दिली होती पश्चिमेच्या स्टँडात. एकोणतीस वर्षांत मी तिकडे लघवीलासुद्धा गेलो नव्हतो. तिथे मांडीवर शाल घेऊन बसणारे लोक येतात. पेस्ट्रीचं दुकान बंद. गाणी म्हणायची नाहीत, ओरडायचं नाही, मास्क काढायचा नाही, असा फलक दर दहा पावलांवर. घरच्या माणसाखेरीज शेजारी कुणी बसायचं नाही, म्हणून माझ्या डावीकडे दोन खुर्च्या पट्टी चिकटवून बंद, उजवीकडेही दोन. मी आणि माझा थर्मास.

समोर, मैदानापलीकडे, एम रांग दिसत होती. माझ्या खुर्चीवर पट्टी आणि त्याच्याही खुर्चीवर पट्टी. म्हणजे तिकडे बघून काहीच कळणार नव्हतं. तो सोडतीत हरला असेल, इथेच कुठेतरी बसला असेल, नाहीतर स्मशानात असेल. क्लबच्या लेखी तिन्ही सारखंच.

सामना सुरू झाला, मी बघत होतो माणसांकडे. बाराशे पिकली डोकी, बाराशे सारखे मफलर, तोंडावर कापड, कानांवर लोकरीच्या टोप्या. कान झाकलेले! आता शोधायचं कसं?

हाफटाइमला उठलो आणि रांगांमधून खाली निघालो. पिवळ्या जाकिटातला एक कार्यकर्ता आडवा आला. वयाने माझ्या मुलाएवढा.

"कुठे निघालात काका?"

"माझा शेजारी शोधतोय."

"तुमच्या शेजारी कुणी नाहीये. मुद्दामच नाही ठेवलंय."

"आजचा नाही रे, कायमचा शेजारी. त्याची टोपी जरा वर करायला सांगितली तर कानावरून ओळखेन मी."

त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्याने परत येऊन बसलो. चहा गार झाला होता. आमचा लेफ्ट बॅक केंड्रिक, ज्याला चेंडू दिसला की भीती वाटते, त्याने शेवटच्या मिनिटाला स्वतःच्याच गोलात चेंडू मारला. एरवी पाच हजार माणसांनी मिळून शिव्या घातल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. आज सगळे मास्कमधल्या मास्कमध्ये पुटपुटले. त्या पुटपुटण्याने मला जास्तच संताप आला.

बाहेर पडताना ऑफिसची खिडकी चालू दिसली. आत जाड काचेमागे बेव्हर्ली.

"बाई, एम बेचाळीस," मी म्हणालो. "चौथ्यांदा विचारतोय. जिवंत आहे का?"

तिने कपाळाला हात लावला. "आज काय झालंय सगळ्यांना? तुम्ही दुसरे. आत्ता पाच मिनिटांपूर्वी एक जण असाच भांडून गेला. एम एकेचाळीस जिवंत आहे का म्हणे. नाव माहीत नाही म्हणे, बस चालवायचा."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"जे तुम्हाला सांगते तेच. नियमात बसत नाही."

"अहो, मी जिवंत आहे! समोर उभा आहे! एवढं सांगायला काय जात होतं?"

"साहेब, कृपा करून ओरडू नका. फलक वाचलात ना?"

मी धावलो. अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, थर्मास काखोटीला मारून. रस्त्यावर सगळीकडे पांगलेले मफलर. हाक मारायला नाव नाही. शेवटी बस स्टॉपच्या दिशेने जीव खाऊन ओरडलो, "बेचाळीस! ए बेचाळीस!"

रांगेतल्या एकाने वळून बघितलं. बुटका निघाला. मला तो कायम बसलेलाच माहीत होता.

"ड्रायव्हर?" तो म्हणाला. "च्यायला, मला वाटलं तू गेलास!"

"मला वाटलं तू गेलास!"

दोन मीटर अंतरावर आम्ही उभे राहिलो. मिठी मारायची बंदी, आणि बंदी नसती तरी मारली नसतीच. त्याचे डोळे भरले होते, माझेही. मग त्याने घसा खाकरला.

"केंड्रिकचं बघितलंस?"

"त्याला घरी बसवा म्हणून मी तीन वर्षं सांगतोय."

"तू सांगतोयस? मी सांगतोय! तू म्हणायचास, पोरगा सुधारेल."

"मी कधी म्हणालो?"

तेवढ्यात बस आली. आत वीसच माणसं घ्यायची होती, पुढची बस तासाभराने. रांग सरकली, तो पायरीवर चढला. तेव्हा मला भान आलं.

"अरे थांब! दोस्ता, नाव काय तुझं?"

तो वळला. मास्कच्या आतून, इंजिनाच्या घरघरीत, त्याने नाव सांगितलं. मला फक्त शेवट ऐकू आला. "...ल्फ!"

"काय?"

"...ल्फ! तुझं?"

"क्लाइव्ह!"

त्याने कानामागे हात धरला, मान डोलावली, अंगठा दाखवला. त्यालाही ऐकू आलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. मीही अंगठा दाखवला. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. दार बंद झालं.

घरी ब्रेंडा दारातच उभी होती. "भेटला?"

"भेटला."

"नाव?"

"आल्फ. किंवा राल्फ. विल्फही असेल."

ती हसत सुटली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला अजिबात हसू आलं नाही. दहा-बारा दिवसांनी मैदानं पुन्हा बंद झाली. जानेवारी मार्चपेक्षा वाईट निघाला, पेपरचं मागचं पान पुरेना म्हणून त्यांनी दोन पानं केली. दर गुरुवारी मी ती दोन्ही वाचतो. आधी माझ्याकडे शोधायला एकही नाव नव्हतं, आता तीन शोधायची असतात.