ओंडक्यांवरच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. गावच्या संग्रहालयात भिंतीवर टांगलेली असते. खालच्या पाटीवर लिहिलंय, 'हिने गावचे लाकडी चर्च बांधले.' ते खरं आहे, पण अर्धंच.

आमच्या उत्तरेकडच्या रशियात चर्च बांधताना करवतीला कोणी विचारत नसे. करवतीने कापलेलं लाकूड पाणी पितं आणि कुजतं. कुऱ्हाडीने तासलं की त्याची रंध्रं मिटतात. तरुण सव्वाती सुताराने माझ्याच पात्याने पाइनचे ओंडके तासले आणि खाचा पाडून एकमेकांत बसवले. भिंतींत एकही खिळा नव्हता. घुमटावर छोट्या फळ्यांचे लाकडी खवले चढले, तेव्हा ऊन पडलं की ते चांदीसारखे चमकायचे. येणारेजाणारे मला हातात घेऊन कौतुक करत. मी तर हवेतच होते!

पुढे सव्वातीचे केस पिकले आणि दिवस फिरले. देवधर्म न मानणाऱ्या नव्या राजवटीने चर्चला कुलूप लावलं. सव्वातीचा एकुलता एक मुलगा नझार त्याविरुद्ध बोलला, तर त्याला पकडून नेलं. मग एका सकाळी गावचा अध्यक्ष प्रोखोर दारात आला.

"सव्वातीकाका, त्या घुमटावर चढायची आमच्यात कुणाची छाती नाही. तू उतरव ते चर्च. मी नझारसाठी शहरात शब्द टाकतो."

"लेकाच्या नावाने गळ टाकतोस होय रे मेल्या?" सव्वातीची बायको उस्तीन्या शेगडीजवळून कडाडली.

"बरं काकू, राहिलं. उद्या नझार आला नाही, तर माझ्या दारात रडत येऊ नका."

सव्वाती उठला. त्याने मला कमरेच्या पट्ट्यात खोचलं.

आमच्याकडे घर हलवायचं असलं, की सुतार प्रत्येक ओंडक्यावर खुणेच्या खाचा पाडतो, म्हणजे ते दुसरीकडे जसंच्या तसं उभं करता येतं. सव्वातीने चर्च तसंच उतरवलं. वर बसून पुटपुटायचा, "नझार येऊ दे, दोघं मिळून परत उभं करू." खाली बाया थुंकायच्या. "देवाचं घर पाडतोय, हात झडतील!" तो खाचा पाडत राहायचा. ओंडके त्याने नीट रचले आणि वर भूर्जाची साल पांघरली.

बर्फ पडलं आणि प्रोखोर सरपणासाठी माणसं घेऊन आला. "काय सुबक रचलंयस काका! घसरगाडीवर चढवायला किती सोपं!" थुंकणाऱ्या बायाच घसरगाड्या घेऊन सगळ्यांच्या पुढे होत्या. कोणीतरी मलाही उचललं. मित्रांनो, मीच पाडलेल्या खुणांवर माझे घाव पडत होते. लाकूड किती चांगलं होतं! एकाच घावात फुटायचं.

सव्वाती धावत आला. "थांबा! नझार आल्यावर काय उभं करू मी?"

"नझार वसंतातच वारला, काका," प्रोखोर हातमोजे झटकत म्हणाला. "तुरुंगात. तू पहिला खवला काढलास त्याच्याही आधी."

"तुला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं, तर चढला असतास का?"

सगळ्यांनी ऐकलं. हातातलं सरपण कुणीही खाली ठेवलं नाही.

सव्वातीने मला पुन्हा कधी हात लावला नाही. दोन हिवाळ्यांत तोही गेला.

आता मला इथे दरवर्षी तेल लावतात, गंज चढू देत नाहीत. उपकार आहेत. पण माझं मागणं वेगळं आहे. गावात अजून सव्वातीचं नाव निघालं की 'तो चर्च पाडणारा' असंच म्हणतात. ज्यांचे आजी-आजोबा त्या हिवाळ्यात त्याच ओंडक्यांवर शेकले, ते सगळ्यात मोठ्याने म्हणतात. मला तेल नका लावू, हवं तर गंजू द्या. पण पाटीवर उरलेलं तेवढं लिहा.