दोन भोकांची तळी

मित्रांनो, मी एका जुन्या जात्याची वरची तळी आहे. माझी जोडीदारीण, खालची तळी, पिंपरीतल्या एका घरात भिंतीला टेकून आहे आणि मी कारखान्याच्या फाटकाशी लिंबाखाली.

वडाराने मला काळ्या दगडातून घडवलं. चाकणच्या बाजारात आबाजींनी मला चारदा ठोकून, वाजवून पाहिलं. सून बघायला गेले तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती, असं घरात सगळे म्हणत. पुढे खुंट्याचं भोक तडकलं, म्हणून शेजारी दुसरं पाडून घेतलं. खुंट्याच्या या दोन भोकांमुळे तेव्हापासून हजार तळ्यांत मी ओळखू येते.

आबाजींची सून सुभद्राबाई पहाटे दळायला बसे. दळणारी बाई जात्यापासून काही लपवू शकत नाही. सासूवर चिडली की पीठ भरड, माहेरचा निरोप आला की अगदी बारीक! एकावन्न साली तिच्या मांडीवर गोदी आली. एका हाताने खुंटा आणि दुसऱ्या हाताने गोदी. माझ्या घरघरीवर ती पोर झोपायची. कौतुक म्हणाल तर माझं तेवढंच झालं.

आठव्या महिन्यात गोदीला ताप आला. दोन दिवसांत ती गेली.

आपल्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुषच जातात आणि जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर तिचा जीव तिथेच अडकतो, असं जुनी माणसं म्हणतात. आबाजी आणि त्यांचा मुलगा, गोदीचा बाप सोपानराव यांनी शिवाराच्या टोकाला, बाभळीखाली खड्डा केला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर जड दगड हवा. पण पवना नदीकाठची ती काळी माती, दगड मिळेना. आबाजी घरी आले आणि घाईत मलाच उचलून घेऊन गेले. मुलखाचा हुशार माणूस, पण एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही, की सुनेला उद्या दळायचं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुभद्राबाई सवयीने उठून बसली, तर खालची तळी एकटीच. काय झालं ते तिला तिथेच कळलं. फक्त कुठे, ते कळलं नाही. आबाजींनी तिला त्या अंगाच्या शेताकडे फिरकू दिलं नाही. तरी शेणी वेचायचं निमित्त करून ती बांधाबांधाने दोन भोकांचा दगड शोधत फिरे. एकदा माझ्यापासून वीस पावलांवरून गेली. माझ्यावर काट्यांच्या फांद्या आणि गवत होतं.

पाच वर्षं माझं काम एकच होतं, हलायचं नाही. एवढं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि एवढं मोठंही.

मग आबाजी वारले. ती जमीन कारखान्यात गेली आणि सोपानराव तिथेच मातीकामाला लागला. यंत्रं बसवायला स्वीडन नावाच्या थंड देशातून एक साहेब आले होते. दुपारी माणसं टेकली की ते घरच्या गोष्टी सांगत आणि कारकून नानासाहेब त्या मराठीत सांगत.

"साहेब म्हणतात, त्यांच्याकडं थंडी पडली की लोक जुन्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसालासुद्धा भेटून येतात. विचारतायत, तुमची माणसं कुठं आहेत?"

"आमची समदी पवनेत गेली, साहेब," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सोपानराव हसला नाही. तो माझ्यापासून दहा पावलांवर होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोललं तर ते संध्याकाळपर्यंत सुभद्राबाईच्या कानावर जाणार, आणि बापाला तर त्याने शब्द दिला होता. तांब्या उचलून तो पाणी प्यायला.

चार दिवसांनी काटे उपटताना मी उघडी पडले. साहेबांना मी फार आवडले. असा घडीव दगड मातीत कशाला, म्हणून त्यांनी मला फाटकाशी न्यायला सांगितलं. ज्याला कबरींची एवढी माया, त्यानेच मला कबरीवरून हलवलं. त्याला दोष कसा देऊ? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला उचलून नेणाऱ्यांत सोपानराव होता. माझी जागा काँक्रीटखाली गेली, वर शेड उभी राहिली आणि तिच्यात मोठं यंत्र बसलं.

एक दिवस सोपानराव भाकरी घरी विसरला. ती घेऊन सुभद्राबाई फाटकावर आली आणि मला पाहून खाली बसली. खुंट्याच्या दोन्ही भोकांत तिने बोटं घालून पाहिली.

"ही आपलीच हाय नव्हं?"

सोपानरावाने मान डोलावली.

"गोदी हितंच हाय का?"

त्याने एकदा शेडकडे पाहिलं. यंत्र धडधडत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "हितंच."

तेव्हापासून दर सोमवारी ती येते. पाला झाडते, चिमूटभर पीठ ठेवते आणि सगळं मला सांगते. त्या पहाटेची गोष्ट मला तिच्याच तोंडून कळली. सोपानराव तिच्या मागे उभा असतो. त्याच्याकडे ती बघत नाही, मी बघते.

मित्रांनो, रानातला दगड उचलण्याआधी तो कुणाचा आहे ते विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर वेळेवर सांगा. मला दगडाला बोलता येत नाही. माझ्याखाली नुसती माती आहे, हे मी तिला कसं सांगू?

शेडमधलं यंत्र सुरू झालं की जमीन जराशी हादरते. सुभद्राबाई माझ्यावर हात ठेवून नवऱ्याला हळूच म्हणते, "बघा, झोपंत कूस बदलती."