आधी उगाळणारीची जीभ

मी एक जुनी सहाण आहे, मुळ्या उगाळून उगाळून झिजलेला दगड. तुम्हाला मित्रांनो म्हणते खरी, पण वयानं तुमच्या खापरपणजीच्याही वर आहे, तेव्हा नीट बसून ऐका.

पाथरवटानं मला घासून गुळगुळीत केलं आणि या घरात दिलं. इथल्या बायकांना रानातल्या मुळ्यांची पिढीजात पारख. डॉक्टरांनी हात टेकले की या बायका आजाऱ्याजवळ बसत, मूळ उगाळून दुखणं निववत. माणूस वाचत नसे, पण कण्हत जात नसे. नियम मात्र कडक. उगाळणारीनं आधी स्वतःच्या जिभेला लावायचं, मग आजाऱ्याच्या. बरोबरच आहे. मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. फार बघितलेत.

पुढे कळ थांबवणाऱ्या गोळ्या आल्या. मला दार अडवायला ठेवलं. माझं कौतुक करणाऱ्याच मला पायानं सरकवू लागल्या.

मग घरची सासूच अंथरुणाला खिळली. गोळ्या पोटात ठरेनात. सुनेनं मला धुऊन घेतलं. हात झकास फिरायचा तिचा, सासूनंच शिकवलेला. पण एका सकाळी तिनं बोट जिभेला लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. सासूच्याही. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. कळ आली की चादरीचं टोक चावायची, पण थेंब घेईना. म्हातारीचा मुलगा विनवून थकला.

शेवटी म्हातारी सुनेला म्हणाली, "मला घालवायची घाई झालीय का गं?"

सून मला पुसता पुसता म्हणाली, "आई, पोटुशीनं हे मूळ चाखायचं नाही, तुम्हीच सांगितलंय. मागच्या खेपेला सगळ्यांना सांगितलं आणि टिकलं नाही, म्हणून या वेळी गप्प होते."

मुलगा हातात पेला घेऊन तसाच उभा. त्यालाही तेव्हाच कळलं.

म्हातारीनं सुनेला पोटाशी धरलं असेल, असं वाटलं ना? छे. "नियम तो नियम," म्हणाली. "याला चाखव."

या घरात पुरुषाचं बोट मला कधी लागलं नव्हतं. त्यानं चाटलं आणि तोंड असं वेडंवाकडं केलं, की म्हातारीला हसू फुटलं. "बाप होणाऱ्याचं थोबाड बघा," म्हणाली आणि स्वतःच आ केला.

ती कण्हत गेली नाही. मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण तोंडावर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत आजाऱ्याजवळून उठू नका. मला विचारता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत रोज त्या मुलाची जीभ बघत होते, खरंच चाटतो की नुसतं दाखवतो.