वाणातली फणी

आमच्या ह्यांचं नाव काशीनाथराव. उखाणा घ्यायला वेळ न्हाई, डोकं तापलंय माझं. परभणीला विद्यापीठात कारकून. पण एक्क्याण्णव साली शेअर घेतले आणि तेव्हापासून स्वतःला मुंबईचे दलाल समजायला लागले. शेअर घेतले कशातून? माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या मोडून. आमच्या लेकीच्या, हेमाच्या लग्नात तिच्या हातात घालायच्या होत्या त्या.

"कंपनी बनवते तरी काय?" मी विचारलं.

"ते महत्त्वाचं नसतं. लोकांचा मूड बघायचा असतो."

आणि मूड बघायचा कशावरून? तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण काय लुटतात त्यावरून! स्टीलची वाटी आली, लोक खुशीत, शेअर घ्या. प्लॅस्टिक आलं, लोक धास्तावले. विकून मोकळे व्हा. मी हळदीकुंकवाहून आले की हे माझी पिशवी तपासायचे. काय बाई अक्कल!

ब्याण्णवच्या संक्रांतीला गल्लीभर स्टील. ह्यांची नजर हेमाच्या कानातल्यावर जायला लागली. मग मीही डोकं चालवलं. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या फण्या लुटल्या, त्याही लय स्वस्तातल्या. शेअरवाल्याच्या घरी फणी म्हटल्यावर बाकीच्या घाबरल्या. ज्यांचं हळदीकुंकू राहिलं होतं, त्या कमलबाईनं आणि नर्मदाबाईनंही फण्याच लुटल्या. माझ्या पिशवीतल्या त्या फण्या बघून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे शेअर विकून टाकले. मी सराफाच्या दुकानात ठाण मांडून पाटल्या परत करून घेतल्या. डबीत पाटल्यांशेजारी एक फणी ठेवली, माझ्या हुशारीची आठवण म्हणून.

पुढं बाजार चढतच गेला, तेव्हा हे माझ्याशी धड बोलेनात. उन्हाळ्यात तो धाडकन आपटला, तसे गल्लीभर सांगत सुटले, "मी आधीच ओळखलं होतं!" डोंबलाचं ओळखलं होतं!

त्र्याण्णवची संक्रांत आली. घरोघरी फण्या. मला मात्र चेव आला. म्हटलं, बघू दे सगळ्यांना, ह्या सुमंगलाचं घर काही बुडालं न्हाई. चांगल्या जाड स्टीलच्या वाट्या लुटल्या.

कमलबाई कानाशी आली. "वैनी, स्टील? म्हंजे बाजार चढायलाय की काय?"

मी नुसती हसले. लय ऐटीत हसले. दुसऱ्या दिवशी तिनंही स्टीलच काढलं.

वैशाखात हेमाचं लग्न ठरलं. पाटल्या दाखवायला म्हणून तिला कपाटापाशी नेलं, डबी उघडली. पाटल्या न्हाईत.

"अहो!"

हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "संक्रांतीलाच मोडल्या. गल्लीत स्टील आलं होतं ना. मूड पालटला होता."

"अहो, ते स्टील मी आणलं होतं! माझं बघून कमलबाईनं आणलं!"

"मग? कमलबाईचं बघून मी शेअर घेतले."

"आणि आता?"

"अजून जरा उतरलेत," म्हणाले, आणि पान उलटलं.

हेमानं डबीतली फणी उचलली, आरशापुढं बसली आणि केस विंचरायला लागली.