मासे पहाटे मरतात

“गुरुजी, इख टाकलंय का न्हाई, येवढंच सांगा!”

ग्यानोबाने मन्मथ गुरुजींचा दंड धरला होता. चाकूरजवळच्या त्या गावतळ्यावर अख्खं गाव जमलं होतं. पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. काठावर, गर्दीपासून वेगळा, जलील एकटाच उभा होता. तळ्यातल्या माशांचा ठेका त्याचा. झटपट मासे धरायला त्यानेच पाण्यात विषारी औषध टाकलं, अशी आवई सकाळी उठली होती, आणि तळ्याचं पाणी प्यालेली ग्यानोबाची म्हैस वैरणीला तोंड लावत नव्हती. दोघातिघांच्या हातांत काठ्या होत्या.

गुरुजींनी जन्मभर गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. ग्यानोबा आणि जलील, दोघेही त्यांच्याच वर्गातले. पण वर्गाबाहेर बोलायचं म्हटलं, की गुरुजींची जीभ आजही कोरडी पडायची.

“पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला असण्याची शक्यता आहे,” ते म्हणाले.

“शक्यता? म्हंजी शंभर टक्के न्हाई?”

“लातूरला पाणी तपासल्याशिवाय शंभर टक्के कसं सांगू?”

“आयका! गुरुजीलाबी खात्री न्हाई!”

गर्दी एकदम पुढे सरकली. कुणीतरी जलीलचा सदरा धरला. तो खांद्यावर टरकन फाटला. त्याची आई बेगमबी मध्ये घुसली.

“गुरजी, किताब की बातां नक्को! हमना समजे वैसा बोलो. मेरे बच्चे कू मार डालतैं ये लोगां!”

विज्ञान पुस्तकी भाषेतच शोभतं, असं गुरुजी आजवर मानत आले होते. ते गर्दीकडे वळले.

“दम कोंडला,” ते ओरडले. आवाज चिरकला. “माशांचा दम कोंडला. मच्छी का दम घुटा, बेगमबी! पहाटं हितं कोण आलतं?”

“म्या,” विठाबाई म्हणाली. “धुणं घिऊन.”

“मासे काय करायलते?”

“वर यिऊन तोंड वासत व्हते. धाप लागल्यावानी.”

“आता काठाला बघा. बेडकं मेली का? पाणकिडे मेले का? इख असतं तर तेबी मेले असते. ते वरची हवा घेतात, म्हणून जगले.”

चारदोन जण वाकले. पाणकिडे सरसर पळत होते. शेवाळातून एका बेडकाने उडी मारली.

“आठवडा झाला, ऊन न्हाई. शेतातलं खत तळ्यात येतंय, त्यावर ह्ये शेवाळ माजलं. उनात ते पाण्यात हवा सोडतं, पर रातभर तेच पाण्यातली हवा खातंय. म्हणून मासे पहाटं मरतात.”

“म्हंजी आमच्या युरियानं मारले व्हय?” मागून कुणीतरी म्हणालं. एकजण हसला. मग आणखी कुणी. काठ्या खाली आल्या.

ग्यानोबा हसला नाही. “अन् माही म्हैस?”

“ते मला ठाऊक न्हाई, बाबा. डॉक्टरला बोलीव. पाणी मी नेतो लातूरला.”

गर्दी पांगली. लुंगी खोचून जलील पाण्यात उतरला आणि मेलेले मासे टोपलीत भरू लागला. त्याचा हंगाम बुडाला होता. ते कुणी बोललंच नव्हतं, गुरुजीही नाही.

गुरुजी काठाशी गेले. “जलील, तेवढी बाटली भरून देतोस?”

त्याने बाटली भरली, बूच घट्ट लावलं, फाटक्या सदऱ्याने पुसून कोरडी केली. गुरुजींनी हात पुढे केला होता. जलीलने बाटली दगडावर ठेवली आणि पाठ फिरवून तो पुन्हा पाण्यात शिरला.